एका डोळ्यापुरती धार

माझ्या डेस्कावर पितळी दौत, टाक, बोरू आणि बोरू तासण्याचा चाकू एवढे साहित्य कायम असते. दौतीकडे व टाकाकडे कोणी पाहत नाही. पक्षकाराचे लक्ष अर्जाच्या मजकुराकडे असते, व ते तसेच असावे. चाकूकडे मात्र सांगलीच्या कचेरीच्या आवारात एक गृहस्थ रोज सकाळी आवर्जून पाहत असत, आणि तेही मला नमस्कार करण्याच्या आधी.

"मुन्शीसाब, तुमच्या चाकूला ताप हाय," असे ते म्हणत. मग बोट न लावता, नुसते वाकून, पात्यावर श्वास सोडत आणि धरलेली वाफ कशी विरते ते डोळे बारीक करून पाहत. "ह्या कोपऱ्यात लवकर सुकत न्हाई. तितंच गंज धरनार. काल काय कापलंसा? लिंबू?"

मी काल लिंबूच कापलेले असे.

हे गृहस्थ म्हणजे दस्तगीर शिकलगार. कचेरीच्या फाटकालगतच्या कडुनिंबाखाली त्यांचे धार लावायचे, पायाने फिरवायचे चाक असे, आणि तेथून हाकेच्या अंतरावर ओसरीत माझे डेस्क. त्यांच्याविषयी चार शब्द व्यवस्थित लिहून ठेवावेत असे माझ्या मनात पुष्कळ दिवस होते. मी मराठी सहावीपर्यंत शिकलो. तथापि कायद्याची भाषा शाळेत शिकवीत नाहीत, ती साहेबांच्या दारात उभे राहून कानांनी मिळवावी लागते. माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषाने परत आला असे फारसे घडलेले नाही. तेव्हा येथेही स्वतः पाहिलेले व स्वतःच्या कानांनी ऐकलेले तेवढेच लिहितो.

अंगाने ते काटकुळे होते. ठिणग्यांनी जळून भुवया अर्ध्याच उरलेल्या, त्यामुळे त्यांचा चेहरा सदैव कोणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा दिसे. आणि खरोखरच त्यांना निरंतर कसली ना कसली काळजी असे. गिऱ्हाईक धार लावलेली सुरी घेऊन निघाले की हे चाक सोडून फाटकापर्यंत त्याच्या मागे जात. "पुसून ठेवा बरं का. वली ठेवू नगा. पोरंबाळं हायती न्हवं घरात? उंच ठेवा." गिऱ्हाईक वळणावर दिसेनासे झाले तरी हे तेथेच उभे. परत येऊन मला म्हणत, "मानूस बेफिकीर वाटला. उगाच लावली एवढी धार."

चहाची बशीसुद्धा ते पिऊन झाल्यावर धोतराच्या सोग्याने पुसत. हाताला पुसण्याची सवयच लागलेली. आणि दुसरी सवय अशी की, धारेची वस्तू ते कधी कोणाच्या हातात देत नसत. जमिनीवर ठेवीत आणि मागे सरत. घेणाऱ्याने ती स्वतः उचलायची. हातातून हातात पाते गेले की माणसांत भांडण लागते असा त्यांचा समज. एकदा खुद्द मामलेदारसाहेबांचा पेन्सिलीचा चाकू त्यांनी पायरीवर ठेवला. शिपाई खवळला. "साहेबांनी वाकून घ्यायचा का रे चाकू?" दस्तगीरभाई शांतपणे म्हणाले, "भांडन हुन्यापरास वाकल्यालं बरं." साहेब हसले आणि वाकले. मी त्या प्रसंगास प्रत्यक्ष हजर होतो.

पोलादाच्या बाबतीत मात्र हा भित्रा माणूस कोणाचे ऐकत नसे. रेल्वेच्या डब्याची स्प्रिंग, झिजलेली कानस, मोडक्या तलवारीचा तुकडा, करवतीचे पाते, या सर्वांची पोलादे ते नखाने टिचकी मारून आवाजाने ओळखीत. ही सारी काळी पोलादे. त्यांवर त्यांचा जीव. चकचकीत, न गंजणारे जे विलायती पोलाद त्या सुमारास साहेबलोकांच्या टेबलावर दिसू लागले होते, ज्याला गावात 'इस्टेनलेस' म्हणत व मी माझ्या लेखनात 'निष्कलंक पोलाद' असे लिहितो, त्याचे नाव काढले की ते खवळत.

"काळं पोलाद रडतंय, गंजतंय, रुसतंय. पर ते काय करनार हाय ते आधी दिसतंय, मुन्शीसाब. पांढरं नुसतं हसत ऱ्हातंय. त्येच्या पोटात काय हाय ते कळत न्हाई. त्ये चमच्याचं काम. सुरीचं न्हवं."

या मतामागे एक हकीकत होती. ती मला त्यांच्या पत्नीने, जैनबभाभींनी, सांगितली. भाभी दुपारी भाकरी घेऊन येत आणि नवऱ्याचे जेवण होईपर्यंत ओसरीच्या पायरीवर बसत. भाभींचा धाकटा भाऊ हसन हा साताऱ्याचा. तोही शिकलगार, पण साताऱ्यात लष्करी माणसांचा राबता मोठा, त्यामुळे त्याच्याकडे साहेबांच्या खाणावळीतल्या सुऱ्या-काटे दुरुस्तीला येत आणि पांढऱ्या पोलादाची त्याला सवय झालेली. एका उरुसाला तो सांगलीला आला तेव्हा त्याने एक पांढरी पट्टी आणली होती. दस्तगीरभाईंनी हौसेने तिचा वस्तरा घडवला. आरशासारखा झाला. तो गल्लीतल्या न्हाव्याला दिला. आणि न्हाव्याने तो गावातल्या एका प्रतिष्ठित गालावर चालवला. अर्ध्या गालापर्यंत ठीक गेला, मग धार वळली, आणि कातडे सोलून निघाले. गृहस्थांनी न्हाव्याला चोपले, न्हावी येथे येऊन कडुनिंबाखाली ओरडला, आणि दस्तगीरभाई तसेच घरी जाऊन मेहुण्यावर ओरडले.

"दाजी, ती पट्टी ताटाची हुती," हसन म्हणाला. "वस्तरा करा म्हनून मी कवा सांगितलं? पांढऱ्यात बी जाती हायती."

"जात योकच. दगाबाज!"

बोलणे पोलादापुरते राहिले नाही. एकमेकांचे बाप निघाले. हसन ताटावरून उठून गेला, तो पुन्हा सांगलीत आला नाही. आणि भाभींचे माहेर तुटले.

या भांडणाचा भाभी रोज एक पुरावा दाखवीत. "आवं मुन्शीसाब, शिकलगाराच्या घरात वांगं दातानं तोडायची पाळी आलीया माज्यावर. इचारा की तुमच्या दोस्ताला."

दस्तगीरभाई भाकरी चावत खाली पाहत. त्यांच्या घराण्यात असे होते की, घरातल्या वस्तूला घरच्याने धार लावायची नाही. घरच्या हाताची धार घरचेच रक्त काढते म्हणत. त्यामुळे दर साली उरुसाला हसन येई तेव्हा तो यांची विळी, सुरी, अडकित्ता सर्व करून देई, आणि हे साताऱ्याला गेले की त्याच्या घरचे करून देत. भांडण झाले आणि दोन्ही घरांतल्या विळ्या बोथट राहिल्या. सांगलीत दुसरे शिकलगार नव्हते असे नाही. पण दस्तगीरभाईंना त्यांचे काम पटत नसे.

त्यांनी हा नेम आयुष्यात एकदाच मोडला होता, आणि ते ते विसरू शकत नव्हते. भाभींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा एक फिरता वैदू आला होता. सुई घालून पडदा खाली ढकलतो म्हणाला. त्याची सुई दस्तगीरभाईंनी पाहिली आणि त्यांना राहवले नाही. एवढी बोथट सुई बायकोच्या डोळ्यात कशी जाऊ द्यायची? त्यांनी ती रात्रभर उशाशी ठेवून सकाळी स्वतःच्या हाताने टोकदार करून दिली. डोळा पिकला, वाहिला आणि गेला. वैदूच्या मळक्या हाताने गेला हे मी त्यांना पुष्कळदा समजावले. ते ऐकून घेत आणि म्हणत, "सुई माजी हुती."

आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. भाभी भाकरी घेऊन यायच्या त्या प्रथम भिंत धरून येऊ लागल्या, मग शेजारणीचा हात धरून, मग येईनाशा झाल्या. दस्तगीरभाई दुपारी चाक बंद करून स्वतःच घरी जाऊ लागले. जाताना मला सांगत, "चूल पेटवत बसली आसंल, मुन्शीसाब. न्हाई म्हनून सांगतो, ऐकत न्हाई. पदर जळंल कवातरी."

विश्रामबागेकडे एका बंगल्यात पुण्याचे आपटे नावाचे डोळ्यांचे डॉक्टर येऊन राहिले होते. त्यांच्याकडे मी स्वतः दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "मोतीबिंदू पिकला आहे. काढला पाहिजे. जास्त थांबलो तर आतल्या आत फुटेल, मग माझ्या हातात काही नाही." आणि मग, दस्तगीरभाईंचा धंदा कळल्यावर, त्यांनी एक लाकडी पेटी उघडली.

आत मखमलीवर तीन सुऱ्या होत्या. गवताच्या पात्याएवढ्या अरुंद, टोकाला केसासारख्या. एक काळपट, दोन चकचकीत. "लढाईमुळे विलायतेहून नवीन येणे बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "धारेला मुंबईला पाठवल्या तर कधी परत येतील सांगता येत नाही. काळी मला हाताला आवडते, पण प्रत्येक वेळी उकळून काढावी लागते आणि उकळली की तिला गंज धरतो. या दोन पांढऱ्यांपैकी कोणती घ्यावी ते मला नक्की कळत नाही. तुम्ही पाहा. धार तुम्ही लावा, डोळा मी करतो."

त्यांनी पेटी पुढे केली. दस्तगीरभाईंनी हात मागे घेतले. डॉक्टरांना कारण कळेना. त्यांनी शेवटी ती टेबलावर ठेवली, तेव्हा यांनी उचलली.

बाहेर आल्यावर ते बंगल्याच्या कुंपणाला टेकून उभे राहिले. भाभी मला विचारीत होत्या, "काय म्हनला डाक्तर? हुईल का? आवं, कुनीतरी बोला की!" हे मात्र पेटी छातीशी धरून होते. मी डॉक्टरांना मुदतवाढीचा अर्ज लिहून देण्याची तयारी दर्शविली. त्यावर दस्तगीरभाई म्हणाले, "डोळ्याला मुदत कुठली, मुन्शीसाब?" आणि मग: "साताऱ्याला जाया पायजे."

एवढे बोलायला त्यांना किती जड गेले असेल ते मी जाणतो. परंतु जाणे सोपे नव्हते. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात पोलिसांचा पहारा गच्च होता. सांगली संस्थानी मुलूख, सातारा इंग्रजी. हद्द ओलांडून तिकडे शिकलगाराने तीन पाती घेऊन जावे म्हणजे आपल्या पायाने कोठडीत जाण्यासारखे. "तुमी चला संगट," ते मला म्हणाले. "तुमचा कागूद आसला म्हंजी धीर यील."

मी रात्री बसून एक दाखला तयार केला. 'सदरहू तीन नेत्रशस्त्रे निष्कलंक व कलंकयुक्त अशा दोन्ही प्रकारच्या पोलादाची असून, त्यांचा उपयोग केवळ मनुष्यमात्रास दृष्टी देण्याकडे होणार आहे, सबब मेहेरबान सरकारने...' असा त्याचा आरंभ होता. डॉक्टरांनी खाली सही केली. गाडीत दस्तगीरभाई पेटी मांडीवर घेऊन बसले. दर स्थानकावर उठून उभे राहत, कारण गाडी थांबताना धक्का बसतो. मी दाखला खिशात तीनदा चाचपला, कारण मलाही, स्पष्टच लिहितो, भीती वाटत होती.

सातारा रोड स्थानकावर आम्हांला अडवलेच. फौजदारांनी पेटी उघडली आणि त्यांची मिशी हलली. "हे काय रं? कुणाच्या पोटात घालायला न्यायलाय?"

मी दाखला पुढे केला. त्यांनी पहिल्या पाच-सहा ओळी वाचल्या, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे. "कुणाचा डोळा?"

"माज्या बायकूचा, सायेब," दस्तगीरभाई म्हणाले. "योकच ऱ्हायलाय."

फौजदारांनी पेटीचे झाकण स्वतःच्या हाताने लावले, कडी बसली की नाही ते ओढून पाहिले आणि म्हणाले, "टांग्यात लय हादरे बसत्यात. मांडीवर धरू नका, हातात अधांतरी धरा." व्यवस्थित लिहिलेल्या कागदाचा परिणाम असा होतो.

हसनचे दुकान साताऱ्यातल्या एका अरुंद बोळात, शेजारी खाटीक. तो बसलेला होता. आम्हांला पाहून उठला नाही, पण हातातले काम थांबले. दस्तगीरभाईंनी पेटी त्याच्या पुढे जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहतच म्हणाले, "सांगलीच्या डोळ्याच्या डाक्तरची हाय. कुठली चांगली त्येवडं सांग."

"तुमी सांगा की. तुमाला तर जात योकच दिसती."

"हसन, मी भांडाया आलो न्हाई."

हसनने एकदा माझ्याकडे पाहिले. मी माझी ओळख करून दिली. त्याचा त्याच्यावर विशेष परिणाम दिसला नाही. मग त्याने डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले आणि काळी सुरी उचलली. "ही तुमची लाडकी. टोकाजवळ खड्डं पडल्यात गंजाचं. धारंपतुर आल्यात. ही गेली." त्याने ती बाजूला ठेवली. दस्तगीरभाईंनी भिंग घेऊन स्वतः पाहिले आणि काळी सुरी पेटीत परत ठेवली.

मग हसनने खोक्यातून एक लोहचुंबक काढला, मोडक्या मोटारीतला. जवळचा एक पांढरा चमचा त्याला लावला, चिकटला नाही. मग पांढऱ्या सुऱ्या एकेक करून लावल्या. दोन्ही टचकन चिकटल्या. "बगा दाजी. ही चमच्याची जात न्हवं. चमच्याला कितीबी तापवा, पानी द्या, त्यो मऊच. तुमचा वस्तरा ह्या चमच्याच्या जातीचा हुता. ह्या दोन्ही पानी पित्यात. कडक हुत्यात."

दस्तगीरभाई चमचा हातात घेऊन पुनःपुन्हा चुंबकाला लावीत राहिले. तो दर वेळी गळून पडे. इतक्या वर्षांचे भांडण त्यांच्या बोटांतून असे गळून पडताना मी पाहत होतो.

दोन्हींपैकी एकीवर चांदणीची छाप होती, दुसरी बिनछापाची. चांदणीवाली पाहून दस्तगीरभाईंचा चेहरा प्रथमच उजळला. नखाने टिचकी मारली, कान लावला. "ही काळ्यासारखी बोलती रं! टनक हाय. हीच घ्यायची. हिची धार म्हैना म्हैना जानार न्हाई."

"लावून बगू," हसन म्हणाला. त्याने निसण्यावर, म्हणजे धारेच्या बारीक दगडावर, तेल टाकून दोन्हींना धार लावली. चांदणीवालीला दुप्पट वेळ लागला. शेजारच्या खाटकाकडून आतड्याची पातळ झिल्ली आणून एका वाटीवर ताणून बांधली. डॉक्टरलोक अशीच परीक्षा घेतात असे त्याने लष्करी दवाखान्यात पाहिले होते. सुरी वरून नुसती सोडायची, दाबायची नाही, आपल्या वजनाने आरपार गेली पाहिजे. दोन्ही गेल्या. मग त्याने भिंग पुन्हा लावले, चांदणीवाली बराच वेळ पाहिली, आणि भिंग दस्तगीरभाईंना दिले.

"टोकाच्या खाली. दिसतंय? कन उडालाय."

"हां... राईएवढा बी न्हाई."

"न्हाई ना. पर उडाला. लय टनक हाय म्हनूनच उडाला. वळत न्हाई, तुटतीया." हसनने बोटाने वाटीकडे दाखवले. "कन कुठं गेला, दाजी?"

दस्तगीरभाईंनी वाटीत पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. त्यांच्या त्या अर्ध्या भुवया वर चढल्या आणि तशाच राहिल्या.

"बिनछापाची जरा मऊ हाय," हसन सांगत होता. "धार लवकर जाईल. पर जाईल तवा वळंल, तुटनार न्हाई. खाटकाला मी ही दिनार न्हाई, त्येला चांदणीवालीच दीन. पर आपल्याला म्हैनाभर टिकनारी धार नगं, दाजी. एका डोळ्यापुरती पायजे." आणि मग सहज, तेलाचा हात पुसत, त्याने विचारले, "डोळा कुणाचा हाय?"

ते उत्तर देणे माझे काम नव्हते.

"जैनबचा," दस्तगीरभाई म्हणाले.

हसनने हातातली सुरी हळूच जमिनीवर ठेवली. "आपाचा? दुसरा बी?" तो उभा राहिला, पुन्हा बसला. "आन् तुमी मला आदी सांगत न्हाई? मी धार लावली की हिला!"

"म्हनून तर तुज्याकडं आलो. माज्या हाताची नगं. तू दुसऱ्या घरचा."

"इळी तुमच्या घरची हुती, म्हनून लावत हुतो. ही आपाच्या डोळ्यात जानार. मी बी तिच्याच रगताचा न्हवं का? पुसून टाकतो मी ही धार. दुसरा कोन तरी बगा."

"दुसरा कोन हाय?" दस्तगीरभाई ओरडले. "कोन हाय दुसरा, सांग की! माजी न्हाई चालत, तुजी न्हाई चालत. मग काय तिनं आंधळं ऱ्हायाचं?"

खाटीक दारातून डोकावला आणि परत गेला. ती दोन्ही माणसे जमिनीवरच्या त्या पात्याकडे, साप पाहावा तशी पाहत होती. अशा वेळी जाणत्या माणसाने गप्प बसू नये. मी म्हणालो, "तुम्ही दोघे माझे ऐका. समाईक मिळकतीत एकट्याचा कबजा कायदा मानीत नाही. पात्याला बाजू किती? दोन. एक बाजू यांनी करावी, दुसरी त्यांनी. मग ती धार कोणा एकाच्या हाताची ठरत नाही. समाईक ठरते. असा वाद कोणत्याही कचेरीत टिकेल."

हसन माझ्याकडे पाहत राहिला. दस्तगीरभाई म्हणाले, "मुन्शीसाब खुळ्यावानी बोलत न्हाईत, हसन. कचेरीत लय वर्सं काढल्यात त्येनी."

हसनने सुरीची लावलेली धार दगडावर उभी ओढून मोडली. मग निसणा मध्ये ठेवून दोघे समोरासमोर बसले. आणि लगेच भांडण लागले. हसन पाते आडवे धरी, दस्तगीरभाई उभट. "एवढी झोपवू नगंस!" "आवं, तुमी काय कोयता लावताय का?" एक बाजू चपटी आणि दुसरी उभी असेल तर धार एका अंगाला कलणार, आणि कललेली सुरी डोळ्यात सरळ जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक. दस्तगीरभाईंचा हात कापू लागला. तेव्हा हसनने दाजींचे मनगट धरले आणि आपल्याला हव्या त्या कलाने ठेवले. दस्तगीरभाईंनी तो कल घेतला. मग एक ओढ यांची, एक त्याची. पाते दर वेळी दगडावर ठेवायचे, दुसऱ्याने उचलायचे. बोळात ऊन आले, गेले. शेवटी वाटीवर नवी झिल्ली बांधली आणि सुरी सोडली. ती गेल्याचा आवाज झाला नाही. वाटीच्या तळाशी पडल्याचा झाला.

भिंगातून हसनने पाहिले, मग दस्तगीरभाईंनी, मग आग्रहाने मलाही पाहायला लावले. मला एक रेघ दिसली. "दात हाय का?" दस्तगीरभाई मला विचारीत होते. "नीट बगा, मुन्शीसाब. तुमची नजर कागदावरची हाय." मी नाही म्हणालो. त्यांनी तरी पुन्हा पाहिले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी विश्रामबागेच्या त्या बंगल्याच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. भाभी आत गेल्या त्या थट्टा करीत गेल्या. "आत गेल्यावर डाक्तरला इचारते, माजी इळी बी लावून मिळंल का." दार लागले. दस्तगीरभाईंनी ओसरीतली फरशी धोतराच्या सोग्याने पुसायला सुरुवात केली. एक फरशी पुसून झाली की पुढची. मी त्यांना बसवण्याचा प्रयत्न केला. "घाम यितोय हाताला," ते म्हणाले, आणि पुसत राहिले. एकदा थांबून विचारले, "समाईक म्हनलासा ते नक्की का? का मला बरं वाटावं म्हनून?" मी सांगितले, नक्की. मला दुसरे काही सांगता आले नसते.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती सुरी होती. "सरळ गेली," एवढेच म्हणाले. "आता पट्टी सुटेपर्यंत वाट पाहायची." दस्तगीरभाईंनी डॉक्टरांकडे पाहिलेच नाही. त्यांनी सुरी मागून घेतली, म्हणजे डॉक्टरांना ती कट्ट्यावर ठेवायला लावली, आणि खिशातले हसनचे भिंग काढून तिची धार टोकापासून मुठीपर्यंत तपासली. कण उडाला नव्हता. तेव्हा कोठे ते खाली बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. डोके हलवायचे नाही, शिंकायचे नाही, रडायचे नाही. मी कचेरीतून परत येताना बंगल्यावर डोकावत असे. दस्तगीरभाई खाटेशेजारी बसलेले, शिंक येऊ नये म्हणून चुलीचा धूर इकडे येतो का यावर लक्ष ठेवून.

पट्टी काढली त्या सकाळी खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावले होते. डॉक्टरांनी बोटे वर केली. "किती?"

भाभींच्या डोळ्यातून पाणी आले. त्या बोटांकडे पाहत नव्हत्या. दस्तगीरभाई माझा दंड इतका घट्ट धरून होते की नंतर तो दोन दिवस दुखला.

"बाई, बोटे किती?"

"बोटं ऱ्हावू द्या," भाभी म्हणाल्या. "दाराशी कोन उभा हाय त्यो? हसन का काय? आरं, किती वाळलास रं! बायकू जेवाया घालत न्हाई व्हय?"

आम्ही वळून पाहिले. आदल्या गाडीने हसन आला होता आणि कोणाला न सांगता दारात उभा होता.

दस्तगीरभाईंनी त्यानंतर फार काळ चाक चालवले नाही. हात कापू लागला होता, आणि कापणाऱ्या हाताने लोकांच्या सुऱ्या करणे त्यांच्या काळजीत बसेना. हसनने दोघांना साताऱ्याला राहायला बोलावले. जाण्याआधी त्यांनी माझा चाकू शेवटचा करून दिला, ओसरीच्या पायरीवर ठेवला, मागे सरले, आणि मी वाकून उचलल्यावर म्हणाले, "लिंबू कापलं की लगीच पुसा."

मी त्यांना निरोप द्यायला विश्रामबाग स्थानकावर गेलो होतो. फलाटाच्या टोकाला ट्रंकेवर दोघे दाजी-मेहुणे बसले होते. मध्ये कोणत्या तरी नव्या सुरीचे पांढरे पाते होते, आणि ते सूर्याकडे धरून दोघे दोन बाजूंनी पाहत भांडत होते. "ही चांदणीवालीची भन हाय." "काय बी! आवाज ऐका की दाजी." त्यांच्या पायाशी घरची विळी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. भाभी थोड्या अंतरावर उभ्या होत्या, डॉक्टरांनी दिलेला जाड भिंगांचा चष्मा लावून, मिरजेकडच्या रुळांकडे तोंड करून. मला तिकडे काहीच दिसत नव्हते. माझी नजर, मागे लिहिल्याप्रमाणे, कागदावरची.

"आवं, धूर दिसतोय," त्या म्हणाल्या. "गाडी आली."

हसन ट्रंक उचलायला उठला. हमाल धावले. सगळा फलाट त्या बाजूला वळला. दस्तगीरभाईंनी गाडीकडे पाहिलेच नाही. पाते मांडीवर तसेच राहिले होते, पुसायचेही सुचले नव्हते, आणि ते दूरवर पाहणाऱ्या बायकोच्या तोंडाकडे पाहत बसले होते.